शार्कचे जीवाश्म दात : आकाराचे स्थैर्य आणि प्रजातींची हानी

क्रिटेशियस कालखंडाच्या अखेरीस, ६.६ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या सामूहिक विलोपनाचा शार्कवरील परिणाम मोहम्मद बाझी व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये १२३९ जीवाश्म दातांच्या आकारांवरून तपासला. बहुतेक गटांतील आकारवैविध्य जवळजवळ स्थिर राहिले. त्रिकोणी, पात्यासारख्या दातांचे प्रमुख भक्षक मात्र नष्ट झाले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. शार्कचा कास्थिमय सांगाडा क्वचितच टिकत असल्याने दातांचा आधार रास्तच ठरतो. तथापि, या स्थैर्यावरून शार्क सहीसलामत राहिले असे मानणे योग्य नव्हे. गिनो व कोंदामीन यांच्या २०२३ मधील अभ्यासानुसार शार्क व पाकट यांच्या ६२ टक्क्यांहून अधिक प्रजाती नामशेष झाल्या. समान आकाराचे दात अनेक प्रजातींत आढळतात. त्यांपैकी काही लोपल्या तरी आकार उरतोच. म्हणून ही दोन्ही मोजमापे परस्परपूरक मानूनच अभ्यासणे आवश्यक आहे.