तळाची हातभर जाळी

कोंबड्यांचं कुंपण बाहेरून बघावं, आणि तेही उकिडवं बसून. आतून बघणाऱ्याला त्यात नुसती हद्द दिसते. मुंगसाच्या उंचीवर डोळे आणले की ते बांधणाऱ्याचं डोकं कसं चाललं, ते कळायला लागतं. कुडाळकडच्या एका वाडीत, घरामागच्या परड्यात असं एक कुंपण आहे. आत गावठी कोंबड्या आणि थोड्या वनराजा, माडाच्या बुडात दिवसभर उकरत असतात. इतकं नेमकं कुंपण माझ्या पाहण्यात दुसरं नाही, म्हणून त्याच्याविषयी सविस्तर लिहितो आहे.

नवखा माणूस पहिले पैसे उंचीवर घालतो. इथे पैसा आणि मेहनत दोन्ही तळाला गेली आहेत. खालचे दोन फूट अर्ध्या इंची चौकोनांची वेल्डमेश आहे आणि त्यावर नेहमीची षटकोनी जाळी. ही षटकोनी जाळी विणायचं यंत्र 1844 साली इंग्लंडात नॉर्विचच्या चार्ल्स बर्नार्ड यांनी कापडाच्या मागावरून बेतलं. हलकी, स्वस्त, कशीही वळणारी ही जाळी गेली पावणेदोनशे वर्षं जगभरच्या परसांत उभी आहे. तिचा गुण कोंबडीला आत ठेवण्याचा. बाहेरच्याला अडवण्यात ती कच्ची पडते, कारण कुत्रं तिची बारीक तार दातांनी ओढून फाडतं आणि मोठ्या भोकांतून मुंगसाचं पिल्लू सहज आत शिरतं. या कुंपणात प्रत्येक जाळीला तिच्या जोगंच काम दिलंय. जिथे दात आणि नखं पोचतात तिथे वेल्डमेश, वर जिथे फक्त आडोसा हवा तिथे षटकोनी.

खरी करामत जमिनीलगत आहे. वेल्डमेश मातीला टेकली की संपत नाही. तिथून ती काटकोनात बाहेर वळते आणि दीड फूट जमिनीवर आडवी पसरते. तिच्यावर माती, चिरे, आणि आता त्यातून उगवलेलं गवत. जनावर उकरायला लागतं ते कुंपणाला नाक लागतं तिथेच. नखांखाली तार आली की ते दोन हात बाजूला सरकतं आणि परत कुंपणाला लागूनच उकरतं. दीड फूट मागे जाऊन तिथून भुयार काढावं, हे कोल्ह्याला किंवा कुत्र्याला सहसा सुचत नाही. सगळी रचना जनावराच्या या एका सवयीवर उभी आहे. पुस्तकांत जाळी उभी खोल पुरायलाही सांगतात, पण जांभ्याच्या कातळात चर मारायचा तर पहार वाकते आणि पुरलेली तार कोकणच्या पावसात गंजून जाते. आडवी पट्टी याच जमिनीला शोभते. परड्याची मालकीण असलेल्या काकींना मी विचारलं, तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं : "मुंगूस वरसून येणा नाय, खालसून येता."

जाळी खांबांच्या बाहेरच्या अंगाला ठोकली आहे, हेही बघण्यासारखं. कुत्र्याने धडक दिली तर जाळी खांबावर दाबली जाते. आतून ठोकली असती तर खिळे उपटले असते. खांब गिरीपुष्पाचे, जिवंत, मुळं धरलेले. फांद्या वेळच्या वेळी छाटल्या जातात, नाहीतर रानमांजराला आयती शिडी मिळेल. सगळ्यात वर जाळीची हातभर पट्टी मुद्दाम सैल सोडून बाहेर कलती केली आहे. वर चढलेल्या जनावराच्या वजनाने ती डुलते आणि त्याचा तोल जातो. ऑस्ट्रेलियात दुर्मिळ प्राण्यांच्या राखीव क्षेत्रांना मांजरं आणि कोल्हे रोखायला अशीच सैल माथ्याची कुंपणं घालतात. काकींच्या परड्यात ती कुठून आली, मी विचारलं नाही.

वरून येणाऱ्यांसाठी वेगळी तजवीज. घारीची चाहूल लागली की कोंबडा बारीक, लांबट सूर काढतो. जमिनीवर मुंगूस दिसलं तर तुटक कलकलाट करतो. आभाळातलं आणि जमिनीवरचं संकट तो दोन निराळ्या आवाजांत सांगतो. कुंपणातही ही दोन संकटं निराळीच धरली आहेत : एका कोपऱ्यावर जुनं मासेमारीचं जाळं ताणलंय, पिलांची कोंबडी त्याखाली असते, आणि अगदी कोवळी पिलं डालग्यात.

पश्चिमेची बाजू मात्र मला पटली नाही. तिथे जुना गडगा आहे, बिनचुन्याचा, एकावर एक रचलेल्या जांभ्याचा. दिसायला तो साऱ्या परड्यात देखणा. पण त्याच्या फटींत मुंगूस आणि धामण दोघंही सुखाने राहू शकतात. राखण करणारी भिंतच चोराला बिऱ्हाड देते. आतल्या अंगाने वेल्डमेश लावल्याशिवाय ही बाजू पुरी झाली असं मी म्हणणार नाही. दाराची बाजू उलट निर्दोष : खाली चिऱ्याचा उंबरा, फळी त्यावर घट्ट बसते, बोटभरही फट नाही.

रात्रीचं काम कुंपणाकडे दिलेलंच नाही, हा शहाणपणा मला फार आवडला. अंधारात कोंबडीला जवळजवळ काहीच दिसत नाही, ती जागची हलत नाही. त्या वेळी रानमांजर आणि उदमांजर फिरतात, डोंगराकडून बिबट्याही येतो. त्यांना अडवायला जमिनीपासून उचललेलं, चारी बाजूंनी वेल्डमेशचं खुराडं आहे आणि दाराला दुहेरी कडी. दिवेलागणीला कोंबड्या आपण होऊन आत जातात. कडी लावायला माणूस लागतो.

कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं झटका मशीनही चालतं, पण त्याची तार गवताला टेकली की जोर जातो आणि उन्हाळ्यात जमीन वाळली की झटका बसेनासा होतो. ते लावायचंच तर त्यासाठी बनवलेलं तयार यंत्र आणा. घरातली वीज थेट तारेत कधीही सोडू नका. त्याने गुरं मरतात, माणसं मरतात, आणि तो गुन्हा आहे. मुंगूस, रानमांजर यांनाही 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे फासे आणि विष नकोच. पैसे थोडे असतील तर उंचीतला एक फूट कमी करा, पण तळाची आडवी जाळी सोडू नका.