मेंदूचे चित्र आणि दुःखाचे कारण

अलीकडे आपल्या धम्मवर्गांतून आणि व्याख्यानमालांतून एक विधान वारंवार ऐकू येते. बुद्धांनी सांगितलेले ध्यान मेंदूत बदल घडविते, हे पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी यंत्राने दाखविले. म्हणून धम्म विज्ञाननिष्ठ आहे हे सिद्ध झाले, असे ते विधान. बोलणाऱ्यांच्या सद्‌हेतूविषयी शंका नाही. परंतु ज्या ग्रंथांच्या आणि प्रयोगांच्या आधारे हे बोलले जाते ते मुळातून वाचले, तर निष्कर्ष निराळा निघतो. झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल या तीन मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली प्रसिद्ध केलेला, नैराश्यावरील माइंडफुलनेसवर आधारित उपचारपद्धती विशद करणारा ग्रंथ हा या विषयातील पायाभूत ग्रंथ होय. त्याचीच परीक्षा येथे करावयाची आहे.

नैराश्याचा आजार बरा होऊनही पुनःपुन्हा उलटतो. असे का होते, हा ग्रंथकारांचा मूळ प्रश्न. त्यांचे उत्तर असे : आजार येऊन गेलेल्या माणसाच्या मनात खिन्नता आणि आत्मनिंदा यांची गाठ पडलेली असते. पुढे साधी उदासी आली तरी ‘मी निरुपयोगी आहे’ ही जुनी विचारमालिका जागी होते आणि माणूस तीत ओढला जातो. तेव्हा विचाराचा आशय बदलण्यापेक्षा विचाराशी असलेले नाते बदलावे; विचार हा केवळ विचार आहे, हे पाहावयास शिकवावे. यासाठी आठ आठवड्यांचा वर्ग, श्वासाचे आणि शरीराचे अवलोकन, घरी रोजचा सराव अशी योजना आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली सुरू केलेल्या उपचारवर्गाचा तिला आधार आहे. स्वतः सराव केल्याशिवाय ही पद्धत शिकविता येत नाही, ही कबुली ग्रंथकार प्रांजळपणे देतात.

पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे संयुत्त निकायातील सल्ल सुत्ताचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. शरीराची वेदना हा पहिला बाण. तिच्यामागून मन स्वतःच ओढवून घेते तो शोक हा दुसरा बाण. प्रस्तुत उपचार या दुसऱ्या बाणावरचा आहे. चित्तानुपस्सनेतही द्वेषयुक्त चित्त द्वेषयुक्त म्हणून जाणावयाचे असते. एवढे साम्य खरे. तथापि ‘सति’ या शब्दाचे येथे जे झाले ते निर्दोष नाही. सति म्हणजे केवळ निवाडा न करता पाहणे नव्हे. तिच्यात स्मरण आहे. मिलिंदपञ्हात नागसेन तिच्या लक्षणांत कुसल-अकुसलाचे भान आणि हिताचा स्वीकार यांचा समावेश करतात. सतीच्या जोडीला संपजञ्ञ आहे, पायाशी शील आहे. रुग्णाच्या उपचारात निवाडा क्षणभर बाजूला ठेवणे योग्य असेल, कारण तो स्वतःलाच दोषी ठरवीत असतो. पण औषधाची मात्रा म्हणजे संपूर्ण आहार नव्हे.

आता मेंदूविज्ञानाकडे वळू. मानसोपचाराने मेंदूचे कार्य बदलते, हे ध्यानाच्या आधीच ठाऊक होते. १९९२ साली कॅलिफोर्नियात बॅक्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृतिअनिवार्यतेच्या रुग्णांची तपासणी केली. गोळ्या घेऊन सुधारलेल्यांत आणि केवळ वर्तनोपचाराने सुधारलेल्यांत मेंदूच्या एकाच भागाच्या कार्यात सारखा बदल आढळला. २००७ साली टोरांटोतील अभ्यासात, ज्यात सीगलही होते, आठ आठवड्यांच्या सरावानंतर ‘माझ्याविषयी’ कथा रचणारे आणि क्षणाचा अनुभव घेणारे मेंदूतील व्यापार अधिक वेगळे होताना दिसले. मात्र एवढ्याच सरावाने मेंदूची रचनाच बदलते, हा गाजलेला दावा २०२२ साली मोठ्या गटावर तपासला गेला तेव्हा टिकला नाही. आणि ही तपासणी ध्यानाविषयी आस्था असलेल्या रिचर्ड डेव्हिडसन यांच्याच प्रयोगशाळेतील होती.

या संशोधनाचे मोल आहे. नैराश्य ही इच्छाशक्तीची दुर्बलता नव्हे, हे त्याने ठसविले आणि रुग्णावरील लज्जेचे ओझे हलके केले. पण मेंदूतील बदल हे सत्याचे वा हिताचे प्रमाण होऊ शकत नाही. कोणतेही शिकणे मेंदू बदलते. द्वेष शिकविला तर तोही बदलेल. कालामांना बुद्धांनी दिलेली कसोटी वेगळी आहे : लोभ, द्वेष, मोह घटतात की वाढतात? परंपरेच्या अधिकारासारखाच यंत्राचा अधिकारही या कसोटीवर घासावा लागेल.

रुग्णाच्या बाबतीत कसोटी एकच, आजार उलटतो की नाही. तीनही ग्रंथकारांचा सहभाग असलेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १४५ रुग्ण होते. तीन वा अधिक वेळा आजार झालेल्यांत नेहमीच्या उपचारावर शेकडा ६६ जणांना, तर या वर्गानंतर शेकडा ४० जणांना तो पुन्हा झाला. दोनदाच आजार झालेल्यांना मात्र लाभ दिसला नाही. २०१५ साली ब्रिटनमध्ये ४२४ रुग्णांवरील चाचणीत हा वर्ग दीर्घकाळ घ्यावयाच्या गोळ्यांपेक्षा सरस ठरला नाही; प्रमाणे शेकडा ४४ व ४७, म्हणजे जवळजवळ बरोबरीची. त्यात गोळ्या कमी केल्या गेल्या त्याही वैद्यकीय साहाय्याने. म्हणून ‘ध्यान करा, गोळ्या टाका’ असे कोणी विहारात सांगत असेल तर तो धम्म नव्हे. ते जीवाशी खेळणे आहे.

सर्वांत बोलका निष्कर्ष २००४ सालच्या मा आणि टीसडेल यांच्या चाचणीचा आहे. चाचणी लहान होती, तरी तिचा रोख स्पष्ट आहे. बाहेरच्या आघाताशिवाय उलटणाऱ्या आजाराला हा उपचार अधिक रोखतो. जीवनातील आपत्तीमागून येणाऱ्या आजाराला तितका नाही. म्हणजे या उपचाराची सीमा त्याच्याच पुराव्याने आखली आहे. मेंदूच्या चित्रात ही सीमा दिसत नाही, कारण आपत्ती मेंदूत जन्मत नाही.

नेमक्या याच सीमेपाशी बाबासाहेबांचा प्रश्न उभा राहतो. १९५७ साली प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाचा गृहत्याग रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेल्या कलहातून घडतो. दुःख माणसामाणसांतील संबंधांत शोधले जाते. दीघ निकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्तातही राजा निर्धनांना धन देत नाही, तेथून दारिद्र्य, चोरी आणि हिंसा यांची साखळी सुरू होते. जात विचारून ज्याला घर नाकारले गेले, त्याच्या मनातील ‘मला कमी लेखतात’ हा केवळ विचार नाही; ती वस्तुस्थिती आहे. त्याला ‘विचार म्हणजे सत्य नव्हे’ असे शिकविणे म्हणजे पहिला बाण मारणाऱ्याला दोषमुक्त करणे होय. मात्र तोच अपमान ‘मीच हीन आहे’ असा मनात रुतून बसला, तर तो दुसरा बाण आहे; आणि तेथे या ग्रंथातील विद्या खरोखर उपयोगी आहे.

म्हणून ग्रंथ स्वीकारार्ह आहे, त्याच्या नावाने चाललेला जयघोष नव्हे. शिबिरे घेणाऱ्यांनी नैराश्यग्रस्त उपासकाला आधी डॉक्टरांकडे न्यावे, त्याच्या औषधात ढवळाढवळ करू नये, त्याला सति शिकवावी ती शीलासह. आणि डोळे मिटून बसविण्यापूर्वी विचारावे, ‘बाबा रे, तुला नेमके काय झाले आहे?’