सेवाग्रामच्या कसोटीवर चित्रकला

आवडता चित्रकार कोण, असे विचारले की आपल्याकडे राजा रविवर्मा, दलाल, मुळगावकर, हुसेन ही नावे पटकन येतात. वर्ध्याची आठवण अशा वेळी कुणाला होत नाही. पण चित्र कुणासाठी काढायचे आणि कुठे लावायचे, या प्रश्नाला विसाव्या शतकात जे सर्वांत धीट उत्तर मिळाले, त्याची मुळे याच जिल्ह्यात आहेत. मला जे चित्रकार मनापासून आवडतात, त्यांच्यापैकी तिघांना सेवाग्रामच्या त्या कसोटीवर पाहिल्याशिवाय त्यांची थोरवी पुरती कळत नाही, असे माझे मत आहे.

ही कसोटी, म्हणजे चित्र कुणासाठी आणि कुठे हा प्रश्न, गांधींची. कलेच्या प्रांतात त्यांचे नाव घेतले की अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्याला कारणही आहे. शांतिनिकेतनात शिकलेल्या जी. रामचंद्रन यांच्याशी १९२४ मध्ये झालेल्या संवादात गांधींनी सांगून टाकले होते की त्यांच्या खोलीच्या भिंती उघड्या असल्या तरी चालतील. वर ताऱ्यांनी भरलेले आकाश असताना माणसाने केलेली कला त्यापुढे अपुरीच. हे ऐकून चित्रकाराने हिरमुसावे की पेटून उठावे? माझ्या तिघांतले पहिले चित्रकार नंदलाल बोस यांनी तिसरी वाट धरली. त्यांनी चित्र भिंतीवरून उतरवले आणि रस्त्यावर नेले.

१९३६ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे. मार्चअखेरीस लखनौ काँग्रेसचे प्रदर्शन उघडले, त्याचे काम गांधींनी नंदलालांकडे दिले होते. एप्रिलअखेरीस गांधी वर्ध्याहून शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले. डिसेंबरात खानदेशात फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा मंडपनगरी उभारायला पुन्हा नंदलालच. आपण चित्रकार, बांधकामातले आपल्याला काय कळते, असा संकोच त्यांनी व्यक्त केला. तेव्हा गांधींनी तज्ज्ञापेक्षा तळमळीचा माणूस मागितला, असे सांगतात. नंदलालांनी बांबू आणि आसपास मिळणाऱ्या साहित्यातून ती नगरी सजवली. तरुणपणी १९०९-१० च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम यांच्या चमूत त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या. लेण्यात राजे-बोधिसत्त्वांसाठी वळलेली ती रेषा आता शेतकऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आली.

तिचे पूर्ण फळ १९३८ च्या फेब्रुवारीत गुजरातेतल्या हरिपुरा अधिवेशनात दिसले. नंदलालांच्या हातची मूळ चित्रे ऐंशीच्या वर, आणि विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रती धरून संख्या चारशेच्या घरात. हातकागद, मातीचे रंग, टेंपेरा. ढोलकी बडवणारा, चांभार, कुंभार, बैल आवरणारा गडी, धान्य कांडणारी बाई. मागे कमानीसारखी महिरप, आणि तिच्या आत एक माणूस आपल्या कामात गुंतलेला. पुढारी नाही, घोषणा नाही. ही चित्रे प्रवेशद्वारांवर आणि मंडपांत लावली होती. ती पाहायला तिकीट नको होते, चष्मा लावून वाचावी लागणारी तळटीपही नको होती.

ती मोहक का वाटतात? पहिले कारण वेग. कुंचला एकदा टेकला की ढोलक्याची पाठ एका दमात वाकते, खोडाखोड नाही. दुसरे कारण रंगांची काटकसर. गेरू, पिवळी माती, काजळी, पांढरा, थोडा हिरवा-निळा. एवढ्यावर सारे निभावले आहे, आणि तरी एकही चित्र दरिद्री दिसत नाही. तिसरे कारण मला सर्वांत मोलाचे वाटते. या चित्रांत कष्टकरी माणसाची कीव केलेली नाही. त्याच्या हाताच्या कसबाकडे चित्रकार बरोबरीच्या कारागिराच्या नजरेने पाहतो.

सेवाग्रामात या दृष्टीचा एक छोटा भाऊबंद आहे. गांधींच्या निवासाच्या, म्हणजे बापूकुटीच्या, भिंतींवर त्यांच्या शिष्या मीराबेन यांनी ताडाची झाडे, मोर, चरखा आणि ॐ मातीतूनच उठवले आहेत. मीराबेन काही नामांकित कलावंत नव्हत्या. पण शेणामातीने सारवलेल्या भिंतीचा पोत ओळखून तिच्याच अंगातून आकार काढणे, हे ज्याला भिंतीवर प्रेम करता येते त्यालाच जमते. वैदर्भी घरांत दिवाळी-पोळ्याला भिंती सारवून काढलेल्या नक्षीशी त्याचे नाते सरळ आहे.

दुसरे चित्रकार देवीप्रसाद. १९२१ मध्ये डेहराडूनला जन्म, शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलालांकडे शिक्षण, आणि १९४४ मध्ये सेवाग्रामच्या हिंदुस्थानी तालीमी संघात कलाशिक्षक. १९६२ पर्यंत ते तिथेच राहिले. चित्रे काढली, मातीची भांडी घडवली, छायाचित्रे टिपली. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून निघालेल्या नई तालीम या शिक्षणपद्धतीचा गाभा हस्तोद्योग होता. देवीप्रसादांनी त्यात जोड दिली की हात चालतो तेव्हा मनातले चित्रही उमलले पाहिजे. मुलाला नमुना पुढे ठेवून गिरवायला लावू नये, हा त्यांचा आग्रह. ‘आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन’ या पुस्तकात त्यांनी सेवाग्रामचा हा अनुभव मांडला आणि नॅशनल बुक ट्रस्टने तो १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांची भांडी पाहताना जाणवतो तो आकारातला संयम: मडके उपयोगाचेही राहते आणि डोळ्यांना धरूनही ठेवते.

तिसरे सय्यद हैदर रझा. मंडला जिल्ह्यात १९२२ मध्ये जन्मलेले, नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. तेव्हा मंडला, नागपूर, वर्धा हे सारे एकाच मध्यप्रांतात होते. लहानपणी मंडल्यात त्यांनी गांधींना पाहिले आणि ती आठवण आयुष्यभर जपली. पॅरिसमध्ये साठ वर्षे काढून परतलेल्या रझांनी नव्वदी ओलांडल्यावर गांधींवर चित्रमालिका केली: ‘सत्य’, ‘स्वधर्म’, ‘हे राम’, ‘पीर पराई’. त्यांत गांधींचा चेहरा कुठेच नाही. रंगाचे सपाट पट्टे, बिंदू, देवनागरीतले शब्द. मला त्यांची उत्तरायुष्यातली अनेक बिंदुचित्रे एकसुरी वाटतात. भौमितिक सफाई वाढते आणि कंप हरवतो. पण या मालिकेत थकलेल्या हाताने सफाई सोडली आहे, आणि म्हणूनच ती खरी वाटते.

प्रेम आहे म्हणून डोळे मिटायचे नाहीत. हरिपुराच्या चित्रांत भूक नाही, कर्ज नाही, जात नाही. पाचच वर्षांनी बंगालच्या दुष्काळात चित्तप्रसाद आणि झैनुल आबेदीन यांनी काळ्या शाईने जी हाडे काढली, ती पाहिल्यावर नंदलालांचे गाव फार निरोगी दिसू लागते. कापसाच्या भावाने आणि सावकारी-बँकेच्या देण्याने पिचलेल्या विदर्भात हा आक्षेप अधिकच टोचतो. वर्ध्याच्या कापूसकऱ्याला नंदलालांचा आदर आणि चित्तप्रसादांचा संताप एकत्र हवा आहे.

आजचे चित्र काय दिसते? शाळांच्या भिंती रंगतात, पण बहुतेक ठिकाणी पालघरच्या वारल्यांची नक्षी उतरवून. ती कला मोठी आहे, मात्र तिची माती वेगळी. गांधी उरले आहेत ते चष्मा आणि काठीपुरते. सेवाग्राम परिसरात भंगारातल्या सुट्या भागांपासून गांधी-विनोबांच्या अजस्र शिल्पाकृती उभ्या राहिल्या. त्यांतले कसब मान्य करूनही, आकाराने दिपवण्याची ही भाषा कुटीच्या शेजारी परकी वाटते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना मुले बसतात, पण गुणांच्या आशेने गिरवलेले संकल्पचित्र हे देवीप्रसादांच्या शिकवणीच्या थेट उलट आहे. त्याच वेळी सिंदी रेल्वेच्या तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल नटतात, गावचा सुतार त्यांची वशिंडे आणि माना जीव ओतून घडवतो, आणि कलेच्या चर्चेत त्याला जागा नसते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. वर्ध्याच्या प्रत्येक शाळेत चित्रकलेच्या तासाला नमुना बाजूला ठेवून मुलांना गावातला सुतार, कुंभार, पऱ्हाटीतला कापूस वेचणारी बाई प्रत्यक्ष पाहून काढू द्यावी. नंदलालांच्या चित्रांच्या चांगल्या छापील प्रती वर्गात लावाव्यात, आणि देवीप्रसादांचे पुस्तक कलाशिक्षकांच्या प्रशिक्षणात सक्तीचे करावे. आवडता चित्रकार निवडण्याचा हक्क त्या मुलांनाही आहे. आधी त्यांना चित्र भेटले पाहिजे.