हक्क माणसाचा की मुक्कामाचा?

जानेवारी २०१६मध्ये नेटफ्लिक्सनं एकाच दिवशी १३०हून अधिक नव्या देशांत सेवा सुरू केली. आणि त्याच महिन्यात व्हीपीएन वापरणाऱ्यांना अडवणार, असंही जाहीर केलं. दार उघडलं आणि आतून कडी घातली! हा दुटप्पीपणा म्हणायचा का?

मला तसं वाटत नाही. बघा, चित्रपटाचे हक्क देशागणिक विकले जातात. 'हाउस ऑफ कार्ड्स' ही तर खुद्द नेटफ्लिक्सची मालिका. पण जर्मनीत ती आधी स्काय वाहिनीवर लागली, कारण तिथले हक्क स्कायकडे होते. शिवाय छोटा निर्माता बऱ्याचदा असे देशोदेशीचे हक्क आगाऊ विकूनच चित्रीकरणाचा खर्च उभा करतो. सीमा सरसकट पुसल्या, तर साऱ्या जगाचे हक्क घेऊ शकणारे दोन-चार बडे तेवढे उरतील.

माझा आक्षेप वेगळा आहे. वर्गणी भरतो माणूस, आणि हक्क मोजला जातो त्याच्या मुक्कामावरून. परगावी गेला की तो परका! युरोपीय संघानं इथे विवेक दाखवला. १ एप्रिल २०१८पासून वर्गणीदार संघातल्या दुसऱ्या देशात तात्पुरता गेला, तरी त्याला घरचीच यादी दिसते. कायमचं स्थलांतर केलेल्याला याचा उपयोग नाही, हे खरं. पण करार न मोडता प्रवाशाचा मान राखता येतो, एवढं तर सिद्ध झालं. मग बाकीच्या जगानं कसली वाट पाहायची?