निकालात नसलेले चौथे कर्तव्य

सर्वोच्च न्यायालयाचा १९६८चा ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ निकाल आपण विज्ञानाचा पाठ म्हणून वाचू. १९५३ साली मांडीचे हाड मोडलेला तरुण पुण्यात उपचारानंतर दगावला. मृत्यूच्या दाखल्यावर कारण होते, रक्तवाहिनीत चरबीचे कण अडकणे. आईवडिलांना ते पटेना. त्यांनी दावा लावला. न्यायालयाने दाखला प्रमाण न मानता पुरावा तपासला. निष्कर्ष निघाला: भूल न देता जोराने हाड बसवल्याने शरीराला बसलेला तीव्र धक्का.

ही पद्धत उत्तमच. कर्तव्यांची यादी मात्र अपुरी आहे. रुग्ण स्वीकारताना, उपचार ठरवताना आणि करताना डॉक्टरांनी काळजी घ्यावी, एवढेच ती सांगते. चूक झाल्यास खरे सांगावे, हे तीत नाही. ते अंतिमतः सिद्ध व्हायला पंधरा वर्षे लागली. प्रयोगवहीतले चुकलेले निरीक्षण खोडू नका, असे आम्ही वाशीमच्या मुलांना सांगतो. रुग्णाच्या कागदांनाही तोच नियम हवा.