सापाला दूध पाजणारे डॉक्टर

शेरलॉक होम्स हा माणूस माझ्या लहानपणी आमच्या घरी राहायला आला आणि मग गेलाच नाही. त्यामुळे त्याची भूमिका कुणी नट करणार म्हटलं, की घरच्या मुलीला बघायला पाहुणे यावेत तसं मला होतं. आधी खोट काढायची, मग चहा विचारायचा.

इंग्लंडातल्या ग्रॅनडा कंपनीने १९८४ साली दूरचित्रवाणीसाठी केलेला ‘द स्पेकल्ड बँड’ चिरंजीवांनी परवा संगणकावर लावून दिला, तेव्हाही मी याच तयारीने बसलो होतो. शेजारी ताई. वय ७८, हातात वातींचा कापूस.

कॉनन डॉइलची ही गोष्ट १८९२ सालची. डॉ. रॉयलॉट दोन सावत्र जुळ्या मुलींसह एका पडक्या वाड्यात राहतात. त्यातली जूलिया, लग्न पंधरा दिवसांवर आलेलं असताना, कसल्याशा ठिपक्यांच्या ‘बँड’चं नाव घेत मरते. लग्न तोंडावर आणि बँड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लाल कोट आणि क्लॅरिनेट! पण इंग्रजीत बँड म्हणजे टोळीही आणि पट्टाही, म्हणून संशय आवारात उतरलेल्या जिप्सींवर. पुढे दुसरीचं, हेलनचं, लग्न ठरतं. तिला बहिणीच्याच खोलीत झोपावं लागतं आणि रात्री तीच शीळ ऐकू येते.

खरा प्रकार असा, की डॉक्टर झरोक्यातून तिच्या पलंगावर साप सोडतात आणि मग शीळ घालून, बशीतलं दूध दाखवून त्याला परत बोलावतात. साप अर्थातच हिंदुस्थानातला. डॉक्टरांचा धंदा कलकत्त्यात झालेला. त्यांनी चित्ता आणि बबून माकडंही तिकडूनच आणवलेली. चित्ता एक वेळ ठीक. तेव्हा आपल्याकडे होता. १९५२ साली तो संपल्याचं जाहीर झालं आणि २०२२ साली आफ्रिकेतून आणावा लागला. पण बबून हिंदुस्थानातल्या कुठल्या रानात मिळाला, हे डॉइलसाहेबच जाणोत. सापाला बाहेरचे कान नसतात, दूध हे त्याचं अन्न नाही. आपली नागपंचमी थेट सरे परगण्यात पोचली म्हणायची!

डॉइलला या सापाने पुढेही छळलंच. १९१० साली त्याने या गोष्टीचं नाटक केलं आणि हौसेने खराखुरा साप रंगमंचावर आणला. एका टीकाकाराने लिहिलं, साप उघड उघड खोटा वाटतो. शेवटी खोटाच वापरला, तो जास्त खरा वाटला.

मालिकावाल्यांनी मूळ गोष्टीला फारसा हात लावलेला नाही, आणि मी म्हणतो, बरं केलं. जेरेमी ब्रेट बघताना सापाची चूक काढायची शुद्धच राहत नाही. हा होम्स मध्येच डोळे मिटून बसतो, मध्येच चाबूक फुटावा तसा हसतो. डॉक्टर लोखंडी सळई वाकवून धमकी देऊन गेले, की हा ती शांतपणे सरळ करतो. जुन्या सिनेमांनी वॉटसनला अगदीच बावळट करून टाकलं होतं. डेव्हिड बर्कचा वॉटसन मात्र ज्याच्याकडे आपण खरंच औषधाला जाऊ असा डॉक्टर आहे. आणि जेरेमी केम्पचा रॉयलॉट! दारात उभा राहिला की खोलीतली हवा कमी होते.

खरी भीती सापाची नाहीच, हिशोबाची आहे. मुलींच्या आईच्या इस्टेटीतून वर्षाला ७५० पौंड येतात. लग्न झालं की प्रत्येकीला २५० द्यायचे. दोघी गेल्या, की डॉक्टरांच्या हाती उरले २५०. म्हणून झरोका, म्हणून दोरी, म्हणून साप.

हा आकडा मी ताईला समजावून सांगितला, तेव्हा तिने वात वळायची थांबवली.

ताई एकविसाव्या वर्षी सरकारी कचेरीत लागली. स्थळं येत होती. कधी पत्रिका जमायची नाही, कधी ‘यंदा नको, पुढल्या वर्षी बघू’ व्हायचं. पुढलं वर्ष चौतीस वर्षं लांबलं आणि ताई निवृत्त झाली. तिच्या पगारातून घरभाडं जायचं, बाबांचं औषध यायचं आणि माझ्या कॉलेजची फी भरली जायची.

‘आपल्याकडे साप नव्हता रे,’ ताई म्हणाली. ‘नुसता हिशोब होता.’

मी काय बोलणार? त्या घरात बशीतलं दूध कोण पीत होतं, हे सांगायला होम्स कशाला हवा?

थोड्या वेळाने तिनेच कापूस पुन्हा हातात घेतला. ‘लाव पुढचा भाग. आणि त्या ब्रेटला कुणीतरी दोन घास खायला घाला म्हणावं. किती वाळलाय!’

ब्रेट १९९५ सालीच गेला, हे मी तिला सांगितलं नाही. पुढचा भाग लावला आणि चहा टाकायला उठलो. आमच्या घरात हे काम एरवी ताईच करते.