संघर्ष, संस्था आणि ‘उचल’ : एका प्रमेयाची कबनूरच्या संदर्भात तपासणी

आर्थिक वाढ एकाएकी का खुंटते, या प्रश्नाला डॅनी रॉड्रिक यांनी १९९९ साली ‘जर्नल ऑफ इकॉनॉमिक ग्रोथ’ या नियतकालिकातील आपल्या निबंधात जे उत्तर दिले, ते अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. १९६० ते १९७५ या काळात भरभराटीस आलेले अनेक देश १९७५ नंतर मागे पडले. बाहेरून आलेले आघात हे त्याचे एक कारण होय. परंतु सारखेच आघात सोसूनही काही देश सावरले आणि काही कोसळले. हा फरक, रॉड्रिक यांच्या मते, दोन गोष्टींतून निर्माण होतो : समाजात सुप्त असलेला संघर्ष किती, आणि त्या संघर्षाचा निवाडा करणाऱ्या संस्था किती समर्थ. आघाताचा भार कोणी उचलावयाचा याचे भांडण जेथे मिटत नाही, तेथे आघाताहून भांडणच महाग पडते.

या प्रमेयाचे मोल मोठे आहे. राजकीय संस्थांना विकासाच्या वाटेतील अडगळ मानण्याची जी प्रवृत्ती अर्थशास्त्रात बोकाळली होती, तिला त्याने चांगलाच पायबंद घातला. अडचण आहे ती मोजणीत. सुप्त संघर्ष दाखविण्यासाठी रॉड्रिक यांनी जी मापे वापरली, त्यांत उत्पन्नातील विषमतेबरोबर वांशिक-भाषिक विभाजनाचा निर्देशांकही आहे. देशातील कोणत्याही दोन व्यक्ती यदृच्छया निवडल्या असता त्या भिन्न गटांतील असण्याची संभाव्यता किती, एवढेच हा निर्देशांक सांगतो. आणि त्याची मूळ सामग्री १९६४ साली मॉस्कोत प्रसिद्ध झालेल्या लोकसमूहांच्या नकाशासंग्रहातून घेतलेली आहे. भाषा अनेक म्हणजे फूट अधिक, हे त्यामागील गृहीत होय.

भाषाशास्त्राला हे गृहीत मान्य होण्याजोगे नाही, आणि त्याचा पुरावा कृष्णाकाठीच मिळतो. सांगलीजवळच्या कुपवाड येथील बोलींचा जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केलेला अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. तेथे मराठी, कानडी आणि उर्दू बोलणारे गट पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आले. त्यांचे शब्द वेगळे राहिले. पण वाक्यरचना इतकी जुळत गेली की एका भाषेतील वाक्याचे शब्दास शब्द ठेवून दुसरीत रूपांतर करता यावे. निर्देशांक येथे फूट मोजील. प्रत्यक्षात माणसांनी घरातील वेगळेपण शब्दांत जपले आणि बाहेरचा व्यवहार व्याकरणात एक केला. मातृभाषांच्या बेरजेला या करामतीचा सुगावाही लागत नाही.

याच सीमाभागात, पंचगंगेच्या खोऱ्यात, हातकणंगले तालुक्यातील कबनूर वसलेले आहे. इचलकरंजीला ते इतके लागून आहे की शहर कोठे संपते आणि गाव कोठे सुरू होते, हे परक्यास सांगावे लागते. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून मागाचा खडखडाट आसपासच्या गावांत पसरत गेला. येथील संघर्षाची परिभाषा ऐकली तर तिच्यात जातीची वा भाषेची नावे क्वचितच आढळतात. आढळतात ती दरांची. ‘पीक’ हा शब्द घ्यावा. शिवारातले पीक ‘पक्व’पासून प्राकृत ‘पिक्क’मार्गे आलेले, तर मागावरचे पीक म्हणजे इंचात बसणारे आडवे धागे, आणि तो शब्द सरळ इंग्रजीतून उतरलेला. उगम भिन्न, परंतु दोहोंचा भाव काय, या एकाच प्रश्नावर कबनूरची बहुतेक भांडणे उभी आहेत.

‘मजुरी’ या शब्दाची गत याहून उद्बोधक आहे. माग चालविणाऱ्या कामगारास मीटरमागे मिळते ती मजुरी. पण माग ज्याच्या मालकीचा, तो ‘खर्चीवाला’ असेल, म्हणजे व्यापाऱ्याचे सूत घेऊन त्यास कापड विणून देणारा असेल, तर त्यास व्यापाऱ्याकडून पिकामागे जे मिळते तीही मजुरीच. एकच मनुष्य सकाळी मजुरी देणारा आणि सायंकाळी मजुरी मागणारा असतो. समाज दोन गटांत चिरला गेला आहे असे ज्यास समजावयाचे असेल, त्याने या मनुष्यास कोणत्या गटात बसवावे? येथील संघर्ष साखळीसारखा आहे. एक कडी ओढली की ताण पुढच्या कडीवर जातो.

२०१३ च्या आरंभी इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांनी मजुरीवाढीसाठी दीर्घकाळ संप केला, तेव्हा हे स्पष्ट झाले. संपाअंती जो करार झाला, त्यात महागाई भत्त्यातील वाढीचे रूपांतर मीटरमागील मजुरीत करून ती दरवर्षी जाहीर करण्याची तरतूद झाली. रॉड्रिक यांच्या भाषेत बोलावयाचे तर संघर्षाच्या निवाड्यासाठी एक संस्था जन्मास आली. पण भांडण काही मिटले नाही. सहायक कामगार आयुक्तांनी वाढ जाहीर करावी, मंदीचे कारण सांगून मालकांच्या संघटनांनी ती नाकारावी, आणि खर्चीवाल्याने व्यापाऱ्याकडे बोट दाखवावे, असे पुढेही घडत राहिले. तथापि त्या करारास निष्फळ म्हणणे चुकीचे ठरेल. त्याने भांडणास एक पंचांग दिले आणि एक सूत्र दिले. ‘किती द्यावयाचे’ याऐवजी ‘ठरलेले का देत नाही’ असे विचारण्याचा अधिकार कामगारास मिळाला. व्याकरणाच्या दृष्टीने हा फरक लहान वाटेल. व्यवहारात तो फार मोठा आहे.

हाच फरक ‘उचल’ या शब्दात सर्वांत तीव्रपणे दिसतो. ऊस घातल्यानंतर कारखान्याकडून शेतकऱ्यास जो पहिला हप्ता मिळतो, तिला ‘पहिली उचल’ म्हणतात. ऊसतोडणी कामगार हंगामापूर्वी मुकादमाकडून जी आगाऊ रक्कम घेतो, तीही ‘उचल’च. धातू एक, प्रत्यय एक. पण शेतकऱ्याची उचल म्हणजे त्याच्या मालाचे येणे. कामगाराची उचल म्हणजे त्याच्या शरीरावरचे देणे. पहिलीच्या मागे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातील चौदा दिवसांची मुदत आहे, २००९ पासूनची ‘रास्त आणि किफायतशीर दरा’ची तरतूद आहे, जयसिंगपूरच्या ऊस परिषदा आहेत, आणि २००९ व २०१४ साली हातकणंगल्यातून राजू शेट्टी यांना लोकसभेत पाठविणारी मते आहेत. दुसरीच्या मागे मुकादमाची वही आहे. शेतकऱ्याचे आंदोलन रस्त्यावर येते, टायर पेटतात, वाहने अडतात. म्हणून बाहेरून पाहणाऱ्यास संघर्ष तेथेच अधिक भासतो. तोडणी कामगाराची पाळी शांततेत पार पडते. ही शांतता मोजणाऱ्याने कोणत्या रकान्यात मांडावी?

राष्ट्रांच्या तुलनेसाठी रचलेले प्रमेय एका गावास लावणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप येथे घेता येईल. तो निम्मा खरा आहे. आकडे कबनूरचे नाहीत हे मान्य. परंतु प्रमेयातील मुख्य संबंध, म्हणजे एका बाजूस संघर्ष आणि दुसऱ्या बाजूस त्याचा निवाडा करणारी संस्था, हा जर खरा असेल तर तो लहान प्रमाणावरही दिसावयास हवा. दिसते ते असे की दोन्ही बाजू परस्परांपासून स्वतंत्र नाहीत. या संस्थानात हे पूर्वीही घडलेले आहे. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, आणि १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहू लागली. त्यांनी अन्यायाचे परिमार्जन तर केलेच; पण मागणी करू शकणारे समाजही घडविले. संस्थेआधी दुःख होते, ‘पक्ष’ नव्हता.

याची उलट बाजू पाण्यात दिसते. इचलकरंजी २०२२ साली महानगरपालिका झाली. लगतचे कबनूर जनगणनेच्या लेखी नगर, पण कारभाराने ग्रामपंचायतच राहिले. माग दोहोंकडे सारखेच चालतात, आणि प्रक्रियागृहांचे सांडपाणी हद्द पाहून वाहत नाही. पंचगंगेच्या प्रदूषणाची किंमत इचलकरंजीने २०१२ च्या काविळीच्या साथीत प्राणांनी मोजली. त्यानंतर वारणेचे पाणी आणण्याचे ठरले, तर २०१८ मध्ये दानोळीकर आडवे आले. दूधगंगेवरील सुळकूडची योजना पुढे आली, तर त्या नदीकाठच्या गावांनी विरोध केला. दानोळीकरांना आपल्या शेतीचे पाणी कमी होण्याची भीती होती आणि शहराला पिण्याच्या पाण्याची टंचाई होती. यांतील एकही गाऱ्हाणे खोटे म्हणता येणार नाही. मजुरीसाठी कामगार आयुक्तांचे कार्यालय आहे, उसासाठी साखर आयुक्तालय आहे. पाण्यासाठी शहर, त्याला लागलेली गावे आणि नदीच्या वरच्या अंगाची गावे ही तिन्ही जेथे समान अधिकाराने बसतील असे एकही टेबल नाही. म्हणून प्रत्येक योजना मंजूर मुंबईत होते आणि अडते गावाच्या वेशीवर. आणि कबनूरचा या वादात ग्रामपंचायतीच्या ठरावाखेरीज दुसरा आवाज नाही.